खिशातलं भुयार

मंडळी, एक साधा प्रश्न. एकाच भुयारात पन्नास वेळा उतरायचं, त्यातल्या तीस वेळा सडकून मार खायचा, पैसे नि सामान गमावून रिकाम्या हाताने बाहेर यायचं, आणि एकावन्नाव्या वेळी पुन्हा तितक्याच हौसेने आत शिरायचं, यात नेमकी मजा कसली?

हा प्रश्न मला पडला तो 'पोकेमॉन मिस्टरी डंजन' नावाच्या खेळामुळे. इकडे कॅलिफोर्नियात पोरं वाढवताना आई-बापांना बेसबॉलचे नियम, डायनोसॉरची नावं आणि पोकेमॉन या तीन विषयांचं सक्तीचं शिक्षण घ्यावंच लागतं. त्यातल्या तिसऱ्या विषयात मी जरा जास्तच रमलो. कारण या रंगीबेरंगी खेळाच्या आत एक जुना ओळखीचा चेहरा दडलेला होता. त्याची वंशावळ शोधत मागे मागे गेलं, की माणूस जपानमार्गे थेट आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर येऊन पोचतो. तर आज त्या वंशावळीबद्दल. ज्यांनी व्हिडिओ गेमला कधी हात लावला नाही त्यांनीही वाचावं. ही गोष्ट आहे हरण्याची, आणि हरण्यातली गोडी कशी टिकवायची याची.

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात सांगतो. निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठी तो जपानमध्ये नोव्हेंबर 2005 मध्ये आला आणि अमेरिकेत सप्टेंबर 2006 मध्ये. एकाच वेळी दोन आवृत्त्या निघाल्या. 'रेड रेस्क्यू टीम' ही गेम बॉय अॅडव्हान्ससाठी, तर 'ब्लू रेस्क्यू टीम' ही दोन पडद्यांच्या डीएससाठी. नेहमीच्या पोकेमॉन खेळात तुम्ही माणूस असता आणि ते चित्रविचित्र प्राणी पकडून त्यांच्या झुंजी लावता. इथे मात्र माणूस कुठेच नाही. तुम्ही स्वतःच एके दिवशी पोकेमॉन होऊन जागे होता. कुठला पोकेमॉन, ते सुरुवातीला विचारलेल्या काही तिरपागड्या प्रश्नांना तुम्ही काय उत्तरं देता त्यावर ठरतं. मग एक साथीदार मिळतो, आणि दोघं मिळून एक बचाव पथक काढता. टपालाने विनंत्या येतात. अमका भुयारात अडकलाय, तमक्याला सफरचंद हवंय. तुम्ही त्या भुयारात उतरता, एकेक मजला पार करता, अडकलेल्याला सोडवता आणि परत येता. बस्स. ऐकायला अगदी साधं आणि थोडं कंटाळवाणंच वाटतं. इकडच्या बऱ्याच समीक्षकांनाही तेव्हा तसंच वाटलं होतं. तेच ते भुयार, तेच ते काम, असा त्यांचा सूर होता. पोरांनी मात्र तिकडे लक्ष दिलं नाही.

आता वंशावळ. आमच्या सॅन होजेहून सतरा नंबरच्या हायवेने डोंगर ओलांडला की पलीकडे समुद्रकाठी सांता क्रूझ लागतं. तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठाची एक शाखा आहे, उंच रेडवूड झाडांच्या जंगलात वसलेली. 1980 च्या सुमारास तिथे शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन पोरांनी एक खेळ लिहायला घेतला. तेव्हाचे संगणकावरचे साहसी खेळ म्हणजे नुसता मजकूर. 'तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात' वगैरे वाचायचं आणि पुढे काय करायचं ते टाइप करायचं. हे दोघेही त्या खेळांचे शौकीन होते, आणि स्वतः तसे खेळ लिहूनही बघत होते. पण त्यात एक मोठी गोची होती. एकदा कोडी सुटली की खेळ संपला, पुन्हा खेळण्यात अर्थ उरत नाही. आणि ज्याने तो खेळ लिहिला त्याला तर पहिल्या दिवसापासूनच सगळी उत्तरं माहीत! म्हणजे स्वयंपाक करणारा उपाशी. लिहिणाऱ्यालाही चकित करेल असा खेळ करता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न.

त्यांचं उत्तर असं होतं, की भुयार आपण काढायचंच नाही. ते दर वेळी संगणकाला काढायला लावायचं. या खेळाचं नाव विचमनने ठेवलं 'रोग'. आपल्या मराठी कानाला ते भलतंच ऐकू येतं, पण इंग्रजीत त्याचा अर्थ होतो बदमाश, उडाणटप्पू. तरी मराठी अर्थही अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण पुढे अनेक विद्यापीठांत या खेळाची साथ पसरली ती रोगासारखीच. त्या प्रसारात तिसऱ्या एकाचा मोठा हात होता. बर्कलीच्या केन आर्नल्डने टर्मिनलच्या पडद्यावर हव्या त्या जागी हवं ते अक्षर उमटवण्यासाठी 'कर्सेस' नावाची प्रोग्रॅमची लायब्ररी लिहिली होती. टॉय आणि विचमननी तिच्याच आधारावर आपला खेळ उभा केला. पुढे टॉय बर्कलीला गेला आणि आर्नल्डही या कामात सामील झाला. बर्कलीच्या युनिक्सबरोबर, 1983 च्या 4.2 आवृत्तीत, हा खेळ जागोजागी पोचला.

रोगमध्ये चित्रं नाहीत. जे काही आहे ते टाइपरायटरची अक्षरं. तुम्ही स्वतः म्हणजे @ हे चिन्ह, ज्याला आज सगळं जग ईमेलच्या पत्त्यामुळे ओळखतं. राक्षस म्हणजे इंग्रजीतली सव्वीस मोठी अक्षरं. बी म्हणजे वटवाघूळ, झेड म्हणजे झोंबी, डी म्हणजे ड्रॅगन. कोपऱ्यातून एखादा डी सरकत येताना दिसला की छातीत धस्स व्हायचं. नुसतं एक अक्षर, पण भीती खरीखुरी. विश्वास बसणार नाही, पण विचारा कोणाही जुन्या युनिक्सवाल्याला.

भुयार काढण्याची युक्तीही सांगण्यासारखी आहे, आणि इंजिनियर मंडळींना ती आवडावी. टर्मिनलचा पडदा असायचा ऐंशी अक्षरं रुंद आणि चोवीस ओळी उंच. त्याचे करायचे तीन गुणिले तीन असे नऊ चौकोन, फुली-गोळा खेळताना करतो तसे. प्रत्येक चौकोनात वेगवेगळ्या आकाराची एक खोली, एखाद्या चौकोनात खोलीच नाही. मग शेजारशेजारच्या खोल्या बोळांनी जोडायच्या, कुठेतरी खाली जाणारा जिना ठेवायचा, थोडं सोनं, थोडं सामान आणि थोडे राक्षस पेरायचे. एवढं केलं की दर वेळी नवा मजला तयार. असे सव्वीस मजले उतरायचे, तिथलं एक ताईत उचलायचं आणि पुन्हा वर यायचं.

आता या खेळातले तीन नियम बघा, कारण पुढची सगळी वंशावळ या तिघांवर उभी आहे. पहिला नियम वेळेचा. तुम्ही एक पाऊल टाकलंत की राक्षस एक पाऊल टाकणार. तुम्ही थांबलात की अख्खं जग थांबणार. चहा करून आलात तरी ड्रॅगन बिचारा तिथेच उभा. म्हणजे हाताच्या चपळाईला इथे किंमत नाही, विचाराला आहे. दुसरा नियम भुकेचा. चालता चालता भूक लागते, आणि खायला मिळालं नाही तर मरण. हा नियम नसता तर हुशार खेळाडू पहिल्याच मजल्यावर दबा धरून बसला असता आणि किरकोळ राक्षस मारून मारून गब्बर झाला असता. भूक त्याला पुढे ढकलते, कारण पुढचं अन्न पुढच्या मजल्यावर. घर सोडून पोटामागे परदेशी आलेल्या आमच्यासारख्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही!

तिसरा नियम मरणाचा, आणि तो सगळ्यांत कडक. मेलात की संपलं. पुन्हा पहिल्या मजल्यापासून, रिकाम्या हाताने. खेळ अर्धवट ठेवून जेवायला जाता यायचं, त्यासाठी फाइल जतन करण्याची सोय होती. पण परत येऊन ती फाइल उघडली की प्रोग्रॅम ती लगेच पुसून टाकायचा. म्हणजे 'इथे मेलो तर मघाच्या जागेवरून पुन्हा' ही पळवाट बंद. तरी पोरांनी फाइलची नक्कल करून ठेवण्याचे उद्योग केलेच, तो भाग वेगळा.

हे सगळं क्रूर वाटेल. पण एक गंमत लक्षात घ्या. नकाशा दर वेळी नवा असल्यामुळे पाठांतराचा काही उपयोग नाही. तुमच्या पात्राने कमावलेलं सगळं मरणाबरोबर जातं. तरीही विसावा डाव पहिल्या डावापेक्षा चांगला जातो, कारण दरम्यान तुम्ही स्वतः शहाणे झालेले असता. अरुंद बोळात पाठ भिंतीला लावून लढावं म्हणजे एका वेळी एकच राक्षस अंगावर येतो, जिवावर बेतण्याआधीच पळावं, अनोळखी औषधाची बाटली भरल्या पोटी आणि मोकळ्या खोलीत प्यावी. हे शहाणपण फाइलीत साठवलेलं नसतं, म्हणून ते पुसताही येत नाही. आपल्याकडे मेंढीकोट खेळताना पानं कुठली येतील ते नशीब, पण आलेल्या पानांचं काय करायचं ते आपल्या हातात. मुरलेला खेळाडू वाईट पानांतही चार हात काढतोच. सापशिडीत असं नाही. तिथे फासा टाकण्यापलीकडे काही करायचंच नसतं, म्हणून मूल आठ-दहा वर्षांचं झालं की सापशिडी माळ्यावर जाते आणि पत्ते मात्र आजोबांपर्यंत टिकतात. रोग हा पत्त्यांच्या जातीचा खेळ.

आता आपण पॅसिफिक ओलांडून जपानला जाऊ. तिथे कोइची नाकामुरा या तरुणाने 1984 मध्ये चुनसॉफ्ट नावाची कंपनी काढली. जपानमध्ये अफाट लोकप्रिय झालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या मालिकेचे पहिले पाच खेळ, 1986 ते 1992 या काळातले, याच कंपनीने प्रोग्रॅम केले. ते काम झाल्यावर स्वतःचं काही करायचं म्हणून त्यांनी रोगची कल्पना उचलली. पण अक्षरांच्या भुयारात कोण जपानी पोरगं शिरणार? तेव्हा त्यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या चौथ्या भागातला टोर्नेको नावाचा एक गोलमटोल व्यापारी उधार घेतला आणि त्याला भुयारात उतरवला. हा 1993 सालचा 'टोर्नेकोचं महासाहस', उपशीर्षक 'फुशिगी नो डंजन', म्हणजे अजब भुयार. इंग्रजीतलं 'मिस्टरी डंजन' हे त्याचंच भाषांतर. हा खेळ हजार वेळा खेळता येईल अशी त्याची जाहिरात होती. बाकीचे खेळ किती तासांत संपतात हे सांगितलं जात असताना, हा संपणारच नाही असं सांगून विकायचं, ही कल्पनाच न्यारी.

चुनसॉफ्टने रोगचे तिन्ही नियम जसेच्या तसे ठेवले. रोगमध्ये शिदोरी होती तिथे टोर्नेकोला पाव मिळाला. पण एक फार शहाणपणाचा बदल त्यांनी केला. टोर्नेकोला घर आहे. बायको आहे, पोर आहे आणि एक छोटंसं दुकान आहे. भुयारातून सुखरूप वर आणलेल्या मालावर ते दुकान हळूहळू मोठं होतं. भुयारात पडलात तर जवळचं सामान गेलं, पण दुकान शाबूत. म्हणजे हरण्याची किंमत तशीच ठेवून हरल्यानंतर परतायला एक जागा दिली. रोगचा तो @ कुठून आला, त्याचं कोण आहे, कोणालाच ठाऊक नाही. तो सडाफटिंग. जपान्यांनी त्याला संसारी केला.

पुढे 1995 मध्ये चुनसॉफ्टने स्वतःचा नायक उभा केला. शिरेन नावाचा भटक्या, डोक्यावर गवती टोपी, आणि सोबत एक बोलकं मुंगसासारखं जनावर. त्याच्या भुकेला ओनिगिरी, म्हणजे जपानी भाताचे मुटके. या शिरेनचा एक भाग 1996 मध्ये गेम बॉयवर निघाला आणि अजब भुयार पहिल्यांदा खिशात मावलं. योगायोग बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच गेम बॉयवर पोकेमॉनचा जन्म झाला होता. सातोशी ताजिरी आणि त्याच्या गेम फ्रीक कंपनीने 151 प्राणी घेऊन तो आणला. ही दोन घराणी एकाच गल्लीत वाढत होती, सोयरीक जुळायला आणखी नऊ वर्षं लागली.

हातात धरायच्या यंत्रावर हा खेळ इतका शोभतो कशामुळे, तेही पाहू. गेम बॉय अॅडव्हान्सचा पडदा जेमतेम 240 गुणिले 160 ठिपक्यांचा, आणि त्याचा प्रोसेसर सुमारे 17 मेगाहर्ट्झचा. मोठमोठे देखावे दाखवणं त्याच्या कुवतीबाहेरचं. पण भुयाराला देखावा लागतच नाही. चौकोनी फरशा, चार भिंती आणि थोडा अंधार एवढ्यावर काम भागतं. जे यंत्र चित्रं साठवून ठेवू शकत नाही ते गणित करून नवे नकाशे मात्र हवे तेवढे काढू शकतं. शिवाय तो पहिला नियम आठवा, तुम्ही थांबलात की जग थांबतं. बसमध्ये धक्का बसला, आईने हाक मारली, स्टेशन आलं, काही बिघडत नाही. मध्येच बंद करायचं तर झटपट जतन करण्याची सोय आहे, आणि पुन्हा उघडलं की ती नोंद पुसली जाते. अगदी रोगसारखीच! सांता क्रूझच्या पोरांनी लबाडी रोखायला केलेली युक्ती पंचवीस वर्षांनी शाळकरी मुलांच्या बसमध्ये चालू होती.

आणि आता पोकेमॉनने यात काय घातलं ते. पहिली गोष्ट ओळख. रोगमध्ये कुठलं अक्षर किती घातक हे मरून मरून शिकावं लागे. इथे पोराला आधीच माहीत असतं, की पाणी आगीला भारी, आग गवताला आणि गवत पाण्याला. भुयार अनोळखी, पण रहिवासी ओळखीचे. दुसरी गोष्ट शत्रूची. इथे हरवलेला राक्षस कधीकधी उठून म्हणतो, मला तुमच्या पथकात घ्या. त्याला राहायला योग्य जागा मात्र तुम्ही आधी विकत घेऊन ठेवलेली हवी, तळं, जंगल, डोंगर, ज्याचं त्याचं. आधी घराची सोय, मग पाहुणा, हे मला फार आवडलं. तिसरी गोष्ट साथीदार. तो तुमच्या मागे मागे येतो, स्वतःच्या बुद्धीने लढतो, आणि कधीकधी नको तिथे बोळात मध्येच उभा राहून वाटही अडवतो. कथेचा मुख्य भाग चालू असताना तुम्ही धडधाकट असलात आणि नुसता तो कोसळला, तरी मोहीम तिथेच संपते. त्यामुळे पोरं सफरचंद स्वतः खाण्याआधी त्याच्या तब्येतीकडे बघायला शिकतात. हे कोणी त्यांना उपदेश करून सांगितलेलं नसतं.

हरलात तर काय? जवळचे सगळे पैसे जातात आणि बरंच सामान जातं. अनुभवाने वाढलेली ताकद मात्र राहते. गावात सामान ठेवायला कांगसखानची कोठी आहे, पैसे ठेवायला पर्शियनची पेढी आहे. म्हणून भुयारात उतरण्याआधी पोरगं गंभीर चेहऱ्याने हिशेब मांडतं, की किती सफरचंदं न्यावी, कुठलं मौल्यवान बी घरी ठेवावं. एखाद्या मजल्यावर केक्लिऑनचं दुकान लागतं. तिथून पैसे न देता पळालात तर तो हसतमुख दुकानदार असा काही चवताळतो की बोलायची सोय नाही. हे चोरीचं प्रकरणही जुनंच आहे. रोगवरून स्फूर्ती घेऊन काही अमेरिकन शाळकरी मुलांनी 1982 च्या सुमारास 'हॅक' नावाचा खेळ लिहिला, त्याच्या वंशातले दुकानदारही असेच खवळत. एखादी खोली उघडावी तर ती राक्षसांनी गच्च भरलेली निघते, तिला म्हणतात मॉन्स्टर हाउस. त्या खोलीत पाऊल टाकताच आमच्या घरात जी किंकाळी उठायची ती शेजारच्या मेक्सिकन आजींनाही पाठ झाली होती.

पण या खेळाची खरी कमाल म्हणजे त्याने रोगच्या तिसऱ्या नियमाचं, मरणाचं, काय केलं ती. कोसळल्यावर खेळ विचारतो, हार मानता की मदतीची वाट बघता? वाट बघायचं ठरवलं तर तो तुम्हाला मदतीच्या हाकेचा एक लांबलचक संकेत देतो. अक्षरं, आकडे आणि मध्येच नराचं चिन्ह, मादीचं चिन्ह असा सगळा गोपाळकाला. तो संकेत मित्राला द्यायचा. मित्र तो आपल्या यंत्रात भरतो, त्याच भुयारात उतरतो, आणि तुम्ही पडलात त्या मजल्यावर पोचून तुम्हाला शोधतो. मग त्याचं यंत्र उलट संकेत देतं. तो तुम्ही भरला की पडल्या जागी उभे राहता, सामानासकट. वर आभाराचं पत्र पाठवायची रीतही आहे, हवी तर भेटवस्तूसकट. जवळ असाल तर यंत्रं एकमेकांना जोडूनही हे जमतं, पण लांबच्यासाठी संकेत.

आमचे चिरंजीव 2007 च्या उन्हाळ्यात असेच एका भुयारात आडवे झाले. शाळेतले मित्र सुट्टीला गावोगाव पांगलेले. मग आठवण झाली पुण्याच्या आतेभावाची, कारण त्याला आम्हीच आदल्या भेटीत रेड आवृत्ती दिली होती. इकडे शनिवारची सकाळ, तिकडे साडेबारा तास पुढे, म्हणजे रात्रीचे साडेनऊ. कॉलिंग कार्डावर फोन लावला. एरवी या दोघांचं फोनवरचं बोलणं म्हणजे 'कसा आहेस', 'बरा आहे', 'आत्याला देतो', एवढ्यावर आटपायचं. एकाचं मराठी अडखळतं, दुसरा इंग्रजी बोलायला लाजतो. त्या दिवशी मात्र पंचवीस मिनिटं अक्षरं सांगणं चाललं होतं. 'दादा, मग नराचं चिन्ह. नाही, बाण वर असतो ते.' 'अरे, बी फॉर बदक की डी फॉर डमरू?' दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन. दादा स्वतः दोनदा मार खाऊन तिसऱ्यांदा त्या मजल्यावर पोचला होता. पुन्हा पंचवीस मिनिटं अक्षरं. आणि मग आमच्याकडे जो जल्लोष झाला तो काय वर्णावा! आभाराच्या पत्राचा तिसरा फोन अर्थातच आमच्याच खर्चाने झाला.

विचार करा, दादाचं भुयार आणि याचं भुयार एकच नव्हतं. नाव तेच, मजल्याचा आकडा तोच, पण नकाशा दोघांच्या यंत्रांनी आपापला काढलेला. म्हणजे याने दादाला वाट सांगून काहीच उपयोग नव्हता. दादाला स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या सफरचंदांवर, स्वतःच्या अंधारातून तिथवर यावं लागलं. म्हणूनच त्या मदतीला किंमत होती. रोगमध्ये मरण हे एकट्याचं होतं आणि त्याची नोंद फक्त गुणांच्या यादीत व्हायची. इथे हरणं हे दुसऱ्याला हाक मारण्याचं निमित्त झालं.

याने खेळ मऊ झाला, मुळातली धार गेली, असं जुने खेळाडू म्हणतात. त्यात तथ्य आहे. ताकद टिकते, औषधांची ओळख आधीच असते, सुरुवातीची भुयारं तर फारच सोपी आहेत. पण धार पूर्ण काढून टाकलेली नाही, ती मागच्या कपाटात ठेवली आहे. कथा संपवून पुढे गेलात की 'प्युरिटी फॉरेस्ट' नावाचं एक ठिकाण लागतं. मजले नव्व्याण्णव. आत जाताना तुमची सगळी कमावलेली ताकद काढून घेऊन तुम्हाला पहिल्या पातळीवर आणलं जातं. सामान नाही, पैसे नाहीत, साथीदार नाही. तिथे जे उतरतं ते फक्त खेळाडूचं शहाणपण, आणि तळाशी सेलेबी नावाचा पोकेमॉन वाट बघत असतो. ते जंगल म्हणजे मुलांच्या खेळात लपवून ठेवलेला 1980 सालचा रोगच. सोपी भुयारं पार करता करता आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या दारापर्यंत आणून सोडणं, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

या घराण्याचा पुढचा विस्तारही मोठा झाला. 2007 मध्ये जपानमध्ये 'एक्सप्लोरर्स'ची जोडी आली, 2009 मध्ये त्याचा 'स्काय' हा तिसरा भाऊ आला, आणि त्यांच्या कथेने पोरांना ढसाढसा रडवलं. पहिल्या 'रेस्क्यू टीम'ला नवे कपडे चढवून 2020 च्या मार्चमध्ये स्विच या यंत्रावर पुन्हा आणलं गेलं. मूळ लाल आवृत्तीही 2024 मध्ये निन्टेन्डोच्या वर्गणीदारांना स्विचवर खेळायला मिळाली. दुसरीकडे रोगच्या धर्तीच्या खेळांची 'रोगलाइक' ही एक जातच होऊन बसली आणि आज मोठमोठे खेळ त्या नावाने विकले जातात.

तर मजा कसली, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. भुयार दर वेळी नवं असल्याने तिथे सगळे सारखेच अनोळखी, बापही आणि पोरगंही. नियम मात्र पक्के आणि सगळ्यांना सारखे, राक्षसांनासुद्धा. तुम्ही एक पाऊल, तेही एक पाऊल. त्यामुळे हरल्यावर राग भुयारावर निघत नाही, कुठलं पाऊल चुकलं ते आपलं आपल्याला दिसतं. हरण्यात काहीतरी खरोखर जातं, म्हणून जपून चालावंसं वाटतं. आणि जे जात नाही ते डोक्यात राहिलेलं असतं, किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं असतं. यातली शेवटची भर सांता क्रूझच्या त्या दोघांच्या खेळात नव्हती. ती घालायला पंचवीस वर्षं, एक व्यापारी, एक भटक्या आणि पोकेमॉनची अख्खी पलटण लागली.

घरात डीएस किंवा गेम बॉय धूळ खात पडला असेल तर सुट्टीत पोरांबरोबर बसून एक भुयार जरूर उतरून बघा. सफरचंदं दोन जास्त घ्या. आणि मॉन्स्टर हाउस लागलं तर आधी मागे सरून बोळात शिरा, शौर्य नंतर.